बोर्डिंगच्या पोरांना काय देऊ, असं विचारणाऱ्यांसाठी

दिवाळी जवळ आली की दरवर्षी कुणा ना कुणाचा फोन येतोच, ताई तुम्ही त्या मिशन बोर्डिंगचं काम बघता ना, आम्हालाही काहीतरी करायचंय, कपडे देऊ का, फराळ देऊ का, वह्या देऊ का, आणि एकदा येऊन आमच्या हातानंच वाटतो. भावना चांगलीच असते, त्याबद्दल माझ्या मनात अजिबात शंका नाही. पण प्रत्येकाला फोनवर सगळं सांगणं होत नाही आणि घाईघाईत सांगितलं की लोकांना वाटतं ही बाई मदत नको म्हणतेय, म्हणून एकदाच नीट लिहून काढतेय.

आधी हे बोर्डिंग म्हणजे काय ते सांगते, कारण शहरातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात मिशन म्हटलं की एकतर मोठं इंग्रजी मीडियमचं कॉन्व्हेंट येतं नाहीतर अनाथाश्रम. आमच्या नगर जिल्ह्यातली (आता अहिल्यानगर म्हणायचं) खेड्यापाड्यातली मिशन कंपाउंडं तशी नाहीत. एक जुनं दगडी चर्च, शेजारी मराठी शाळा, मागे दोन लांबलचक खोल्या, एक मुलांची एक मुलींची, स्वयंपाकघर, हापसा आणि कडुनिंबाची झाडं, झालं. शाळा बहुतेक ठिकाणी अनुदानित असते म्हणजे शिक्षकांचा पगार सरकार देतं, पण बोर्डिंग चालवायचं ते संस्थेनं आपल्या हिमतीवर. आणि तिथली बहुतेक पोरं अनाथ नाहीत हो. आईबाप आहेत, कष्टाळू आहेत, फक्त दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत ते गावात नसतात.

पाथर्डी, शेवगाव, आणि लागून बीडमधलं गेवराई, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, हा सगळा ऊसतोडीला जाणारा पट्टा. मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते, ती फेडायला नवराबायको दोघं मिळून एक कोयता म्हणून जातात, पार कोल्हापूर सांगलीपर्यंत, कर्नाटकातसुद्धा. गाळप हंगाम सुरू झाला की गावंच्या गावं रिकामी होतात, मागे राहतात म्हातारी माणसं. आता पोरांचं काय करायचं? म्हातारीला झेपत असेल तर तिच्याजवळ, नाहीतर सरकारचं हंगामी वसतिगृह सुरू झालं असेल तर तिथं, नाहीतर बोर्डिंग, आणि ह्यातलं काहीच नसलं तर टोळीबरोबर फडावर, म्हणजे ऊस तोडतात त्या रानात.

मागच्या हंगामात मी तिथंच होते तेव्हा एक बाई दोन पोरं घेऊन आली. मुलगा दुसरीत, मुलगी सहावीत, आणि कडेवर एक तान्हं. बोर्डिंगच्या बाईंना म्हणाली, "ह्याला ठिवून घ्या बाई, हिला न्यावं लागतंय." बाईंनी विचारलं का गं, हुशार आहे ना ती, दोघांनाही ठेव की. तर म्हणाली, "म्या फडात गेल्यावर कोपीवर (झोपडीवर) ह्या बारक्याला कोण बघंल? त्यो रांगाया लागलाय आता, बैलाच्या पायात गेला म्हंजे?" ह्याच्यावर काय उत्तर आहे सांगा. त्या मुलीनं स्वतःचे कपडे भावाच्या पत्र्याच्या पेटीतून बाहेर काढले, घडी घालून पिशवीत भरले, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली दोऱ्यात ओवून भावाच्या गळ्यात घातली, अंघोळीला जाताना काढायची नाही म्हणून दोनदा बजावलं त्याला. बाईंनी तिच्यासाठी शाळेतून शिक्षण हमी कार्ड करून घेतलं, म्हणजे जिथं जाईल तिथल्या शाळेत तिला बसू द्यायला हवं, पण फड दर काही दिवसांनी बदलतो आणि शाळा असते गावात, कोपी असते रानात, आणि तान्हं असतं कडेवर.

ती मुलगी पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, परत आली, नाव पटावर आहे, ह्या वर्षी सातवीत बसते. पण मधे वर्गात अपूर्णांक शिकवून झाले ते तिचे सुटलेच, आणि आता टक्केवारी आली की ती नुसती बघत बसते. तिला दप्तर आहे, दोन आहेत खरं तर, दोन वेगवेगळ्या ग्रुपनी दिलेली. तिला हवंय ते संध्याकाळी शेजारी बसून अपूर्णांक पहिल्यापासून शिकवणारं माणूस. एवढी एक गोष्ट लक्षात आली तरी माझं लिहिणं कामी आलं असं समजेन.

कारण आपण सगळे वस्तू देतो आणि तिथं कमी असतात ती माणसं. संध्याकाळी सहा ते आठ अभ्यासाची वेळ, पहिलीपासून दहावीपर्यंतची पोरं एका खोलीत, एक ट्यूबलाइट, आणि त्याच वेळी बाईंना भाकऱ्या, आजारी पोराचं औषध, कुणाच्या बापाचा फडावरून आलेला फोन. मोठी पोरं लहानांचा अभ्यास घेतात, छान घेतात, पण त्यांची स्वतःची दहावी असते. असर म्हणून ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी होते, तिच्या २०२२ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीतल्या मुलांपैकी जेमतेम ४३ टक्क्यांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता येत होता. ही सगळी मुलं पटावरची, शाळेत नाव असलेली. मग ज्यांचं निम्मं वर्ष उसाच्या फडात जातं त्यांचं काय असेल ह्याचा विचार करा. गावातलीच बारावी झालेली, डीएड झालेली एखादी मुलगी रोज दोन तास बसली तर सहा महिन्यांत वाचायला लागतात पोरं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्या मुलीला मानधन द्यायला मात्र कुणी पुढे येत नाही, कारण मानधनाचा फोटो निघत नाही.

माणसंच लागतात, हे आजचंच नाही. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली. सिंथिया फरार नावाच्या बाई १८२७ ला मुंबईत उतरल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ ला नगरलाच वारल्या. लग्न नाही, संसार नाही, आयुष्यभर तेच काम. त्यांच्या शाळा बघूनच जोतीरावांनी पुण्यात शाळा काढायचं मनावर घेतलं आणि सावित्रीबाईंनी नगरला त्यांच्याकडे प्रशिक्षण घेतलं. १८४८ ला पुण्यात शाळा निघाली, आणि त्याच फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ताबाईनं, मांग समाजातल्या कोवळ्या पोरीनं, मांगमहारांच्या दुःखाबद्दल लिहिलेला निबंध १८५५ ला छापून आला तो कुठे, तर ज्ञानोदयमध्ये, म्हणजे मिशननं नगरहून १८४२ ला सुरू केलेल्या नियतकालिकात. शाळेत बसायला मिळून थोडीच वर्षं झालेल्या मुलीनं असं लिहिलं की आजही वाचताना अंगावर काटा येतो. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन उपाशी पोरी, बायका गोळा केल्या आणि त्यांना पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणून मुक्ती सदन उभं केलं, तिथं शेती, विणकाम, छापखाना सगळं त्याच पोरी शिकल्या आणि त्यांनीच चालवलं. मला ह्या सगळ्यात दिसतं ते हे की कुणीतरी तिथं राहिलं. पाहुणं म्हणून आलं नाही, राहिलं. आणि आजच्या बोर्डिंगच्या बाईसुद्धा तशाच राहतात, फक्त त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही आणि त्यांचा पगार तीन-तीन महिने थकतो.

पगार का थकतो तेही सांगते, कारण लोकांना अजून वाटतं मिशनला काय कमी, परदेशातून पैसा येतो. येत होता. आता एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली, परदेशी देणगी फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यायची, आणि एका संस्थेनं घेतलेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. आधी कशी पद्धत होती, एखादी मोठी संस्था पैसा घ्यायची आणि खेड्यातल्या छोट्या बोर्डिंगांना वाटायची, तो रस्ताच बंद झाला. प्रशासनावरच्या खर्चाची मर्यादासुद्धा ५० टक्क्यांवरून २० वर आली. हिशेब चोख असावा ह्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, असायलाच हवा, पण छोट्या बोर्डिंगकडे ना स्वतःची एफसीआरए नोंदणी ना सीए ठेवायची ऐपत. म्हणून आता जे काही व्हायचं ते आपल्याच लोकांच्या खिशातून व्हायला हवं, आणि मला त्यात काही वाईटही वाटत नाही, आपली पोरं आहेत, आपणच बघायची.

सरकारी योजना आहेत की, असं म्हणणारे भेटतात. आहेत, नाही कशाला म्हणू, मुलींना एसटीचा पास फुकट आहे, आठवीपर्यंत दुपारचा पोषण आहार आहे. पण पास फुकट असून शाळा सुटते पाचला आणि गाडी येते अंधार पडल्यावर, तोवर पोरींनी फाट्यावर उभं राहायचं. अल्पसंख्याक मुलांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिलीपासून मिळायची, ती २०२२-२३ पासून फक्त नववी-दहावीला ठेवली. ख्रिस्ती झालेल्या दलित कुटुंबातल्या मुलांना अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत, १९५० च्या आदेशात हिंदूंपुरत्या होत्या, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेरच. त्याच वस्तीत, त्याच गरिबीत, शेजारच्या पोराला मिळतं आणि ह्याला नाही, आणि हे आठ वर्षांच्या पोराला कसं समजावून सांगायचं ते मला आजवर जमलेलं नाही.

आणि कागदपत्रं! ह्यावर तर वेगळं लिहायला हवं. विमुक्त भटक्यांच्या मुलाला जातीचा दाखला काढायचा तर २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधी कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०. ज्यांचा पणजोबा कधी शाळेत गेला नाही, ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्यांनी हा पुरावा आणायचा कुठून? मग जुन्या गावच्या शाळेचं रजिस्टर शोधा, कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्ममृत्यूच्या वहीची, नक्कल काढा, आधारवर नाव एक आणि दाखल्यावर दुसरं असेल तर ते दुरुस्त करा, तहसीलला हेलपाटे मारा. आईबाप फडावर, मग जाणार कोण? तुमच्यात कुणी रिटायर्ड तलाठी असतील, ग्रामसेवक असतील, वकील असतील, सेतूत काम केलेले असतील तर खरं सांगते, तुमचा महिन्यातला एक दिवस हा शंभर दप्तरांपेक्षा मोठा आहे. एक दाखला निघाला की त्या पोराच्या पुढच्या सगळ्या शिक्षणाची फी बदलते.

नववी-दहावीबद्दल जरा थांबून सांगायचंय. शिक्षण हक्क कायदा, २००९ चा, सहा ते चौदा वयाला लागू. म्हणजे आठवी झाली की हक्क संपला, पोषण आहारही संपला. आणि नेमकं तेव्हाच पोरगं कोयता उचलण्याएवढं होतं आणि पोरगी लग्नाची दिसायला लागते. मुकादमाला जोडी हवी असते, एकट्याला उचल कमी, मग सोळाव्या वर्षी लग्न लावून देतात आणि हंगामाला नवीन कोयता तयार. कायदा अठराचा आहे हे सगळ्यांना माहीत असतं. मी त्या आईबापांना दोष द्यायला धजत नाही, तरणीताठी मुलगी मागे एकटी ठेवून जायची भीती काय असते ते आई असल्याशिवाय कळत नाही. पण ज्या मुलीला दहावीपर्यंत आणि पुढे बारावीपर्यंत बोर्डिंगमध्ये सुरक्षित जागा आहे, दाराला आतून कडी आहे, संडासला पाणी आहे, महिन्याला पॅड मिळतात आणि कुणीतरी मोठी बाई तिथंच झोपायला आहे, तिचं लग्न पुढे ढकलायला आईबाप तयार होतात. कितीतरी वेळा तयार होतात. म्हणून मी लहान पोरांच्या खाऊपेक्षा मोठ्या मुलींच्या दोन-चार वर्षांसाठी जास्त भांडते, लोकांना ते आवडत नाही कारण लहान पोरं गोड दिसतात.

इथंच एक सोपी गोष्ट आहे जी फार थोडे लोक करतात. आठवीत एनएमएमएस ची, म्हणजे गरीब घरच्या हुशार मुलांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्तीची, परीक्षा असते, सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये थेट मुलाच्या खात्यात. दोन पेपर, एक बौद्धिक क्षमतेचा आणि एक शालेय विषयांचा, ९०-९० प्रश्नांचे. सातवीला ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातीला ५० चालतात, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, ते तर सगळ्यांचंच असतं. बोर्डिंगच्या पोरांना हे प्रश्न अवघड जातात असं नाही, त्यांनी तसले प्रश्न कधी पाहिलेलेच नसतात, आकृत्यांचे, मालिकांचे. इंजिनिअरिंगच्या पोरांनी रविवारी व्हिडिओ कॉलवर सराव घेतला तरी फरक पडतो. एका मुलाला ही स्कॉलरशिप लागली की घरात त्याच्या शिक्षणाकडे बघायची नजर बदलते, कारण तो घरात पैसे आणतोय, फडावर न जाता.

आता नको त्या गोष्टी. वाढदिवसाचा केक घेऊन येऊ नका, निदान पोरांना रांगेत बसवून हॅपी बर्थडे म्हणायला लावू नका. पाहुणे आले की अभ्यासाची वेळ मोडून स्वागतगीत बसवावं लागतं, पोरी गजरे करतात, दोन तास उन्हात उभ्या राहतात, आणि मग प्रत्येकीच्या हातात एकेक पुडा देऊन फोटो. सहावी-सातवीतल्या पोरीला कळतं हो सगळं, ती मान खाली घालते आणि लोकांना वाटतं लाजरी आहे. बालन्याय कायद्याच्या ७४ व्या कलमानं काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख माध्यमांत उघड करायला मनाई आहे, पण मी तर म्हणते कायदा बाजूला ठेवा, तुमच्या स्वतःच्या लेकीचा फोटो कुणी "गरीब मुलगी" म्हणून ग्रुपवर टाकलेला चालेल का तुम्हाला?

एकच मूल निवडून त्याला स्पॉन्सर करायची पण फार हौस असते. एकाला नवी सायकल आणि त्याच्या शेजारच्या खाटेवरच्याला काहीच नाही, मग रात्री खोलीत काय होतं ते तुम्ही बघायला नसता. आणि तीन वर्षांनी तुमची बदली झाली, नोकरी गेली, विसरलात, की ते एकटं पोर लटकतं. त्यापेक्षा पूर्ण बोर्डिंगच्या नावानं द्या.

देताना विचारा मात्र जरूर, डोळे झाकून देऊ नका. संस्था नोंदणीकृत आहे का, हिशेब दाखवतात का, प्राप्तिकरात सूट मिळते ती ८०जी ची पावती देतात का (रोख २,००० च्या वर दिली तर सूट मिळत नाही, बँकेतूनच द्या). मुलींच्या खोलीजवळ कुठला पुरुष कर्मचारी राहतो का, बाहेरचं माणूस पोरांना एकटं भेटू शकतं का, १०९८ चा चाइल्ड हेल्पलाइन नंबर पोरांना दिसेल असा भिंतीवर लावलाय का. ह्या प्रश्नांचा राग येणाऱ्या ठिकाणी देऊ नका, मग ते मिशन असो नाहीतर आणखी कुणाचं असो. चांगल्या संस्थेला असे प्रश्न आवडतात.

आणि धर्माचं विचारताच तुम्ही, तर तेही मोकळेपणानं. मी ख्रिस्ती आहे, रविवारी चर्चला जाते. बोर्डिंगमध्ये वंजारी आहेत, बंजारा आहेत, बौद्ध आहेत, ख्रिस्ती आहेत, पारधी आहेत. संविधानाच्या २८ व्या कलमात स्पष्ट आहे की सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत कुणाला त्याच्या, आणि मूल असेल तर पालकांच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, आणि ते तसंच असायला हवं, ताटातल्या भाकरीला अट नको. तसंच "आमच्याच समाजाच्या मुलांना द्या" म्हणणाऱ्यांचे पैसेही मी परत पाठवलेत, पुढेही पाठवेन.

वेळेचंही एक सांगते. जूनमध्ये सगळ्यांना आठवण येते, वह्यांचा ढीग लागतो. दिवाळीत फराळ इतका येतो की पोरांची पोटं बिघडतात. जानेवारी-फेब्रुवारीत कुणी फिरकत नाही आणि नड तेव्हाच असते, किराण्याची उधारी वाढलेली, लाइट बिल थकलेलं, दहावीची पोरं परीक्षेला बसायची असतात, आणि आईबाप फडावर असल्यानं पोरं जास्तीत जास्त संख्येनं तेव्हाच बोर्डिंगमध्ये. म्हणून एकदम मोठी रक्कम देण्यापेक्षा झेपेल तेवढी लहान रक्कम दर महिन्याला आपोआप जाईल अशी बँकेत लावून ठेवा, बाईंना कळतं तरी की पुढच्या महिन्यात अमुक येणार आहे.

माझ्याकडेच द्या असं अजिबात नाही. तुमच्या गावाजवळ, तालुक्यात असं बोर्डिंग असेल, मिशनचं असेल, आश्रमशाळेचं असेल, कुठलंही, तिथं फोन करा. काय आणू असं विचारायच्या आधी हे विचारा की संध्याकाळी सहा ते आठ पोरांजवळ कोण बसतं, त्या माणसाला किती मिळतात, आणि ह्या महिन्याचे मिळाले का.